दारफाळणीच्या आधी

११ जुलै १९३७, रविवार. दुबलगुंडी

श्रीमंतला शेवटी कामाला चिकटवला. सडकेवरच्या नाल्याला हैद्राबाद सरकारचा पूल व्हायचा आहे. त्याचे ओव्हरसियर अष्टमकर साहेब मी शिकवते त्या मिशनच्या शाळेमागच्या बंगलीत राहतात. त्यांना मीच गाठलं आणि सांगितलं, माझा धाकटा भाऊ अंगानं दणकट आहे, बोलायला कमी, पण सांगितलेला शब्द मोडत नाही. घेतला त्यांनी.

हा पठ्ठ्या मात्र कुरकुर करत होता. साहेब इस्राएल आहेत, म्हणजे यहुदी. शनिवार त्यांचा पाळायचा दिवस, जसा आम्हा ख्रिस्ती लोकांचा रविवार. त्या दिवशी कामाला हात लावत नाहीत, कामाचं बोलतही नाहीत, आणि वरून परवानगी काढून रविवारी काम चालवतात. श्रीमंत विचारतो, "आक्का, आयतवारी देवळात जायाचं का खड्ड्यात उतरायचं?" मी म्हटलं, पहाटे प्रार्थना कर आणि जा, देवाला सकाळीही ऐकू येतं. महादेवी चुलीपुढे पदर तोंडाला लावून हसली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझी ही भावजय माझ्यासमोर मोकळी हसत नाही. मला काय शिंगं आहेत?

संध्याकाळी साहेबांच्या ओट्यावर नेहमीसारखं भांडण झालं. ते पेणकडचे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, आणि त्यांचे संदेष्टे तेच आमचे संदेष्टे, त्यामुळे भांडायला सोयीचं जातं. म्हणाले, "तुमचं म्हणणं माणूस पापातच जन्मतो, कृपेवाचून सुटका नाही. मग त्या पोरांना छडी कशाला मारता? त्यांचा काय इलाज?" मी म्हटलं, छडी मी पापासाठी मारत नाही, पाढ्यांसाठी मारते. खूप हसले. मग म्हणाले, "आमच्याकडचे जुने लोक सांगायचे, पाऊस देवाच्या हातात, आयुष्य देवाच्या हातात. पण नीट वागायचं की वाईट, एवढं मात्र त्यानं आपल्याकडे सोपवून टाकलं. त्यात तोसुद्धा हात घालत नाही."

"मग तुमचा न्याय कोण करतो?"

"तोच. पण दर वर्षी. तुमच्यासारखी शेवटच्या दिवसापर्यंत सवलत नाही आम्हाला."

माणूस हुशार आहे. पाद्रीसाहेबांना मी त्या ओट्यावर बसते ते खपत नाही. न खपो.

२४ ऑगस्ट, मंगळवार

श्रीमंत गेला. परवा रविवारी पुलाच्या पायाचा खड्डा ढासळला आणि तो खाली होता.

काल माती दिली. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना म्हटली, पण सांत्वनाचा शब्द म्हणून एक बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

महादेवी रडत नाही. भिंतीला पाठ लावून बसली आहे. भाकरी पुढे ठेवली तर ठेवलेली राहते.

२६ ऑगस्ट, गुरुवार

तालुक्याहून अंमलदार आले होते. खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले. मुकादम लिंगाप्पा, अष्टमकर साहेब आणि चार मजूर उभे. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी शाळा सोडून गेले. पंचनामा उर्दूत लिहून झाल्यावर मी म्हटलं, वाचून दाखवा. कपाळाला आठ्या घालून वाचला. पावसानं माती भिजली, कडा बसली, मजूर दबला, खुदा की मर्जी.

मी म्हटलं, कडेला लाकडी फळ्या आणि टेकू असतात, मी स्वतः पाहिले होते, ते कुठे गेले? अंमलदार लिंगाप्पाकडे बघायला लागले. लिंगाप्पा साहेबांकडे. साहेब टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होते. ओट्यावर देवाच्या हातात काय आणि माणसाच्या हातात काय हे इतकं सांगणारा माणूस, त्याच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. सगळ्यांनी खाली सह्या आणि अंगठे केले.

घरी येईपर्यंत पायाची आग मस्तकात गेली होती. देवाची मर्जी! देवाला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून तो पेण सोडून, हैद्राबाद सोडून दुबलगुंडीच्या नाल्यात माझ्या भावाच्या अंगावर माती ढकलायला आला.

२९ ऑगस्ट, रविवार

आज देवळात जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

पाद्री निंगप्पा वीस-एक वर्षांपासून या मंडळीचे पाळक. त्यांचा उपदेश मला तोंडपाठ आहे, कुठे आवाज चढवणार, कुठे डोळे मिटणार. आज पहिल्या वाक्यापासून आवाज चढलेला. देवाने एक दिवस स्वतःसाठी राखला आहे, तो दिवस जे मजुरीसाठी विकतात त्यांना तो याच जगात दाखवून देतो, आणि ज्याच्या नादानं विकतात त्याची जातच मुळी शापाखाली आहे. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळी मंडळी मान वळवून आमच्या बाकाकडे बघत होती.

मग शेवटी सांगितलं की श्रीमंतच्या विधवेनं बारा तारखेच्या रविवारी मंडळीपुढे उभं राहून कबूल करावं की आपल्या नवऱ्यानं प्रभूचा दिवस मोडला आणि देवानं त्याचा न्याय केला. तसं केलं तर तिला मंडळीत घेऊ. नाही केलं तर प्रभुभोजन बंद, मंडळीचा आधार बंद.

म्हणजे नवरा मेला तो मेला, वर बायकोनं उभं राहून सांगायचं की बरं झालं, त्याच लायकीचा होता.

मी तिथेच उठून बाहेर आले. महादेवीचा दंड धरून तिलाही ओढून आणली. वाटेत तिला सांगितलं, तू उभी राहणार नाहीस. मी बघते. तिला काय कळतं बिचारीला.

२ सप्टेंबर, गुरुवार

पाद्रीसाहेबांकडे गेले. भांडायचं नाही असं ठरवून गेले होते. दारातच ठरवलेलं विसरले.

म्हटलं, तुमचा देव एवढा नेमबाज आहे तर रविवारी खड्ड्यात उतरलेल्या सगळ्यांना सोडून एकालाच कसं निवडलं? बाकीच्यांनी काय पुण्य केलं होतं? आणि आपल्याच मंडळीतला लिंगाप्पा रविवारी कामावर नव्हता का? मग तो कसा विडी ओढत फिरतो?

ते म्हणाले, "देवाचा हिशोब तुझ्या शाळेतलं गणित न्हाई, सत्यभामा."

मी म्हटलं, फळ्या काढल्या होत्या. माणसानं काढल्या. देवाला कशाला मधे घालता?

तर ते एकदम उठले. मला वाटलं मारतात की काय. खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात कानडी-मराठीत म्हणाले, "मानमोडीच्या साथीच्या सालात माझी दोन लेकरं गेली, अव्वा. एका आठवड्यात. देवानं नेली म्हणून मी आजवर उभा हाय. माझ्या पापासाठी नेली, व्हय, पण नेली त्यानं. तू म्हणतेस त्याचा हात नव्हता. मग मी ती कुणाच्या हातात दिली?"

मला त्यांचा आणखीनच राग आला. आपल्या दोन लेकरांच्या मातीवर माझ्या भावाला कशाला पुरायचं? तसं बोलूनही दाखवलं. ते वळले नाहीत. "बारा तारीख," एवढंच म्हणाले.

८ सप्टेंबर, बुधवार

दुपारी अष्टमकर साहेब दारात. इतक्या दिवसांनी! मी जोंधळे निवडत होते, उठले नाही.

म्हणाले, परवापासून आमचं नवं वर्ष लागलं. आजपासून सातव्या दिवशी दारफाळणीचा सण. मला ठाऊक आहे तो. आदल्या सूर्यास्ताला दारं लावून घेतात, पांढरे कपडे घालतात, पाण्याचा थेंब घेत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, कोणाला शिवत नाहीत. त्या दिवशी देव वर्षाचा न्याय करतो म्हणे. गेल्या वर्षी मी त्यांना चिडवलं होतं की एका दिवसाच्या उपासात तुमचं बरं भागतं. तेव्हा ते म्हणाले होते, देवाविरुद्धचे अपराध त्या दिवशी सुटतात, पण माणसाविरुद्धचे सुटत नाहीत. माणसाचे त्याच्या दारात जाऊन सोडवून घ्यावे लागतात. तो नाही म्हणाला तर तीनदा जायचं.

आज त्याच कामासाठी आले होते. "बाई, श्रीमंतच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली. तुमची आणि त्याच्या बायकोची माफी मागायला आलो."

मी विचारलं, "कोणती चूक?"

"कामावरचा जबाबदार माणूस मी होतो."

"ते पंचनाम्याच्या वेळी का नाही आठवलं?"

त्याऐवजी महादेवीशी बोलू का, असं विचारलं. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, जे बोलायचं ते माझ्याशी, तिला अजून त्रास द्यायला कोणी आत यायचं नाही. सण तुमचा, उपास तुमचा, न्याय तुमचा, आणि त्याच्या आधी घासून-पुसून घ्यायला आमचं घर? चला.

गेले. महादेवी आतून म्हणाली, "आक्का, काय म्हनत व्हते?" मी म्हटलं, काही नाही, तू जेव.

१० सप्टेंबर, शुक्रवार

आज पुन्हा आले. दिवस मावळायच्या आत परत जायचं होतं, कारण मावळला की त्यांचा शनिवार सुरू होतो. मला त्या शनिवाराचं नावच ऐकवेना, आणि त्यांनी नेमकं तेच काढलं.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला कमानीचा सांगाडा बांधायचा होता, त्याला लाकूड कमी पडलं. अपघाताच्या आदल्या दिवशी, शनिवारी, लिंगाप्पा बंगलीच्या दारात जाऊन विचारू लागला, पायातल्या फळ्या काढून तिकडे लावू का? साहेब शनिवारी कामाचं बोलत नाहीत. हाताने थांबवलं आणि म्हणाले, आज नको, उद्या बोलू. लिंगाप्पाला वाटलं, आज काम नको असं म्हणतात, फळ्यांना हरकत नाही. त्यानं काढल्या. रात्री पाऊस झाला.

"मी शब्बाथ मोडून एक वाक्य बोललो असतो तर तुमचा भाऊ जिवंत असता," असं म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो, मोडावाच लागतो, हे आम्हाला लहानपणापासून शिकवतात. मला त्या वेळी सुचलं नाही. माझा देव आणि मी, आमच्या दोघांमधे तुमचा भाऊ सापडला."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हटलं, वा! पाद्री सांगतात रविवारानं मारला. तुम्ही सांगता शनिवारानं मारला. अंमलदारांचा सुट्टीचा दिवस शुक्रवार, त्यांनी लिहून दिलं की खुदानं मारला. तिघांनी तीन वार वाटून घेतले आणि तिन्ही वार देवाचे. माणसानं काही केलं असा एखादा वार आहे का तुमच्या आठवड्यात? मला तो वार सांगा. सोमवार असेल तर सोमवार सांगा. नाहीतर या ओट्यावर पुन्हा पाय ठेवू नका.

ते उभेच राहिले. मग गेले, चपला हातात घेऊन, घालायचं विसरून.

बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

११ सप्टेंबर, शनिवार

दिवेलागणीला चांदण्या दिसायला लागल्या तसे ते आले. शनिवार संपला होता. मी अंगणात सूप घेऊन बसले होते. या वेळी महादेवी स्वतःच बाहेर आली आणि माझ्या मागे उभी राहिली. मी आत जा म्हटलं. गेली नाही.

ते खाली बसले, अंगणातल्या मातीत. मोठा माणूस मातीत बसलेला बघून मला कसंसंच झालं.

म्हणाले, "शनिवारचं सांगितलं ते खरं आहे. पण ते कारण नाही. त्याच्या आड मी उभा राहिलो होतो. रविवारी सकाळी मी कामावर गेलो. फळ्या नव्हत्या, ते मला दिसलं. माती ओली होती, तीही दिसली. दोन दिवसांनी मोठे इंजिनियर येणार होते आणि पाया भरलेला दाखवायचा होता. श्रीमंत शिडीवर पाय ठेवून थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उतर, अर्ध्या दिवसाचं काम आहे."

महादेवीनं विचारलं, "त्यो काय म्हनला?"

"काही नाही. उतरला."

"काईच न्हाई?"

"नाही. पण थांबला होता, बाई. तेवढा वेळ माझ्याकडे होता. मी पूर्ण मोकळा होतो. देवानं मला अडवलं नाही, ढकललंही नाही. मी बघितलं आणि ठरवलं."

मी सूप फेकून मारलं. त्यांच्या छातीला लागलं, जोंधळे सगळ्या अंगणभर. आणखी काय काय बोलले ते आठवत नाही. शिव्या दिल्या असतील. आमच्या वस्तीत मला शिव्या येतात हे कोणाला माहीत नव्हतं, आता झालं. ते हलले नाहीत. हात जोडले नाहीत की रडले नाहीत. तसे रडले असते तर मी चाबूक शोधला असता.

महादेवी खाली बसून जोंधळे वेचायला लागली. वेचता वेचता, वर न बघता म्हणाली, "सायेब, हे उद्या देवळात सांगताव का?"

ते दचकले. म्हणाले, मी तुमच्या देवळात कसा येणार? पाद्रीसाहेब...

"मला उद्या उभं ऱ्हावून बोलायला सांगितलंय. मला जे सांगायला लावायलेत त्ये मला ठावं न्हाई. तुमाला ठावं हाय."

पायाशी पडलेले जोंधळे त्यांनी गोळा करून सुपात टाकले. "येईन," म्हणाले.

मला मात्र राग आला, तिचाच. मी इतके दिवस भांडते आहे, आणि ही एका वाक्यात देऊळ मागून घेते, मला न विचारता.

१२ सप्टेंबर, रविवार

देऊळ भरलेलं. एरवी अर्धे लोक शेतात असतात, आज तमाशा बघायला सगळे हजर.

गीत झालं, प्रार्थना झाली. पाद्रीसाहेबांनी महादेवीचं नाव घेतलं. ती उठली. तेवढ्यात मागच्या दाराशी गडबड झाली आणि अष्टमकर साहेब आत आले. डोक्यावर टोपी. आमच्याकडे पुरुष देवळात डोकं उघडं ठेवतात, त्यांच्याकडे देवापुढे झाकतात. कोणीतरी ओरडलं, टोपी काढा! त्यांनी काढली नाही. सरळ पुढे येऊन महादेवीच्या शेजारी, पण हातभर अंतर सोडून उभे राहिले.

पाद्रीसाहेब म्हणाले, "या घरात तुम्हाला बोलायचा अधिकार न्हाई."

"मला ठाऊक आहे. पण जिला तुम्ही बोलायला लावता तिच्याकडे बोलण्यासारखं काही नाही. ते माझ्याकडे आहे."

आणि सांगितलं. काल जसं सांगितलं तसंच, एक शब्द इकडे-तिकडे नाही. फळ्या, ओली माती, शिडी, उतर. शनिवारचा उच्चारही केला नाही. हेच वर कचेरीलाही लिहून पाठवलं आहे असं म्हणाले. मागे बसलेल्या लिंगाप्पानं तोंडावर हात मारून घेतला, कारण आता साहेबांची नोकरी जाणार आणि त्यांच्याबरोबर त्याचीही.

पाद्रीसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. मला वाटलं आता हरले. पण ते सावरले. महादेवीकडे वळून, अगदी बापाच्या मायेनं म्हणाले, "मग क्षमा कर, मुली. प्रभूनं आपल्याला तेच शिकवलंय. सगळ्यांसमोर क्षमा कर, म्हणजे विषय संपला."

बघा चलाखी! काल देवानं मारला होता, आज दुसऱ्यानं मारला असं निघाल्याबरोबर लगेच क्षमा. दोन्हीकडून विषय संपवायची घाई.

मी उठून काही म्हणणार तोच महादेवी बोलली. तिचा आवाज देवळात पहिल्यांदाच ऐकला मी. "पाद्रीसायब, तुमाला कबुली पायजे व्हती. ती ज्याची व्हती त्येनं दिली. माझ्याजवळ दुसरी न्हाई."

"आणि क्षमा?"

"ती तुमी सांगितलाव म्हून मी देत न्हाई."

आणि खाली बसली. पदर सारखा केला आणि बसली. अष्टमकर साहेब मान खाली घालून आले तसे गेले. पाद्रीसाहेबांनी गीत सुरू केलं, पण कोणी साथ दिली नाही. पहिलं कडवं ते एकटेच म्हणत होते. आवाज फाटला. मधेच थांबून चष्मा पुसू लागले.

देवळाबाहेर मला निरोप मिळाला की उद्यापासून शाळेत यायचं नाही. मी म्हटलं, येणार होतेच कोण?

दिवसभर मी महादेवीची पाठ थोपटत होते. शाब्बास, बरोबर केलंस, त्याला सुकू दे, पाद्रीलाही सुकू दे, जन्मभर माफी मिळायची नाही कोणाला. ती म्हणाली, "आक्का, भाकरी करू का?"

१६ सप्टेंबर, गुरुवार

काल दारफाळणी होती. परवा सूर्य मावळायच्या आत बंगलीची सगळी दारं लागली. खिडक्याही. मी काल सकाळपासून दोनदा तिकडून गेले, मुद्दाम. आतून काही आवाज नाही. मला आत बसलेला माणूस दिसत होता, पांढऱ्या कपड्यात, तोंडात पाणी नाही, आणि देव समोर. देवाकडचे अपराध सुटतील, आमच्याकडचा सुटणार नाही. तीनदा मागून झालं, तिन्ही वेळा मिळाली नाही. आता बघू वरचा काय करतो, असं मनात म्हणत मी घरी आले आणि झकास जेवले.

दुपार कलल्यावर बघते तर महादेवी घरात नाही. विहिरीवर नाही. आमची शेजारीण बसव्वा म्हणाली, बंगलीकडं जायलाली. मी तशीच धावले.

ती बंद दाराबाहेर उभी होती. पायरीवर चढली नव्हती, खाली उभी होती. मी पोहोचेपर्यंत तिचं बोलणं संपत आलं होतं. "...त्यो थांबला व्हता हे तुमी सांगितलाव म्हून कळालं. न्हाईतर मला वाटत व्हतं त्यो गपगुमान गेला. थांबला व्हता. येवढं मला पुरतंय. माझ्याकडून सुटलं तुमचं. बोलू नका, तुमचा उपास हाय." दाराला आतून काहीतरी टेकल्यासारखा आवाज झाला, डोकं असेल किंवा हात.

मी तिला ओढून आणली. रस्ताभर बोलत होते. कोणाला विचारून? त्यानं तुझा नवरा खड्ड्यात उतरवला, डोळ्यांनी बघून उतरवला, आणि तू त्याच्या दारात जाऊन माफी पोचवतेस? रविवारी देवळात एवढी ताठ उभी राहिलीस ती कशाला मग?

ती अंगणात पोचल्यावर थांबली. माझा हात दंडावरून काढला. हळूच काढला, पण काढला.

"आक्का, पाद्रीसायब म्हनले दे. तुमी म्हनलाव देऊ नको. मला कुनीच इचारलं न्हाई. माझं व्हतं, मी दिलं."

"आणि माझा भाऊ?"

"तुमच्या भावाचं तुमच्यापाशी हाय. ते मी कसं देऊ? देव बी न्हाई देऊ शकत म्हनतेत ते. तुमाला द्यायाचं तर द्या, न्हाई तर न्हाई. माझ्यावर कामून वरडायलाव?"

आणि चूल पेटवायला गेली. रात्री मी जेवले नाही. ती जेवली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवताना दिसली. मला ते बघवेना आणि बघितल्यावाचून राहवेना.

आज सकाळी साहेब आले आहेत. दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाला ते शिळा सण म्हणतात, दानधर्म करतात, एकमेकांकडे जातात. बंगली सोडून जायची तयारी झाली आहे, गाडीवर पेटी चढवलेली इथून दिसते. महादेवीनं त्यांना पाणी दिलं, ते प्यायले, तांब्या उपडा घालून ठेवला. मग अंगणाच्या माझ्याकडच्या बाजूला येऊन उभे राहिले. तीनदा मागून झाली, चौथ्यांदा मागायला ते बांधलेले नाहीत, आणि मागणारही नाहीत. नुसते उभे आहेत.

मी आत बसून हे लिहिते आहे. पाद्रीसाहेबांना विचारलं तर ते मला प्रभूची आज्ञा सांगतील, म्हणून मी विचारणार नाही. देवाला विचारलं, तो गप्प आहे. महादेवी अंगण झाडते आहे, माझ्याकडे बघतही नाही. कोणी मला जा म्हणत नाही आणि नको जाऊस असंही म्हणत नाही. गाडीवाला बैल जुंपतो आहे. उठायचं की बसून राहायचं ते मलाच ठरवायचं आहे, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो आहे.